तांबड्या रेषेचा हिशेब

"मॅडम, इलेक्ट्रॉन एका सेकंदात जेवढ्या फेऱ्या मारतोय, तेवढीच उजेडाची फ्रिक्वेन्सी असणार की?"

गगनबावड्याकडून रोज एसटीनं कोल्हापूरला येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीनं प्रॅक्टिकलच्या तासाला हे विचारलं आणि मागच्या बाकावरचे दोघेतिघे हसले. मला हसण्यासारखं काही वाटलं नाही. १९१३ च्या आधी कुठल्याही नावाजलेल्या भौतिकशास्त्रज्ञाला हा प्रश्न विचारला असता, तर त्यानं मान डोलावून "हो, तेवढीच" असंच म्हटलं असतं. त्यांचं कारणही भक्कम होतं. रेडिओच्या अँटेनात इलेक्ट्रॉन सेकंदाला दहा कोटी वेळा मागंपुढं हलले, की दहा कोटी हर्ट्झची, म्हणजे १०० मेगाहर्ट्झची लहर बाहेर पडते. एफएम रेडिओ चालतो तो याच्यावरच. मग अणूत गोल फिरणारा इलेक्ट्रॉन वेगळा का वागेल?

मी तिला म्हटलं, "चल, करूनच बघू."

हायड्रोजनचा उजेड रंगांत फोडला की काही ठरावीक रंगांच्या रेघाच दिसतात, त्या वर्णरेषा. त्यातली सगळ्यात ओळखीची तांबडी. इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर येतो तेव्हा ती मिळते, तिला एच-अल्फा म्हणतात. तिची वारंवारता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, ४५६.६७ टेराहर्ट्झ. एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपनं, म्हणजे ही लहर एफएमच्या लहरीपेक्षा साधारण ४५ लाख पट वेगानं कंप पावते. आता भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरच्या १९१३ च्या मांडणीप्रमाणे, म्हणजे इलेक्ट्रॉन अणूच्या केंद्रकाभोवती ठरावीक कक्षांतच फिरतो असं धरून, तिसऱ्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनच्या फेऱ्या मोजल्या तर त्या येतात २४३.६ टेराहर्ट्झ. दुसऱ्या कक्षेतल्या येतात ८२२ टेराहर्ट्झ. तांबड्या उजेडाचा आकडा यातल्या एकाशीही जुळत नाही. तो दोन्हीच्या मधे कुठंतरी पडतो, आणि बरोबर मध्यावरही नाही.

तिनं आकडे वहीत उतरवून घेतले आणि विचारलं, "मग ही फ्रिक्वेन्सी आली कुठनं?"

हा लेख म्हणजे तिला दिलेलं उत्तर. फळ्यावर घाईत दिलं होतं, इथं जरा सावकाश देते.

उजेडाची वारंवारता इलेक्ट्रॉनच्या फेऱ्यांवरून ठरत नाही, ती दोन पातळ्यांच्या ऊर्जेतल्या फरकावरून ठरते. पातळी हा शब्द आपल्या अंगवळणी पडलेला आहे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पाण्याची पातळी आपण दिवसातून चारदा विचारतो, आणि ३९ फुटांची इशारा पातळी, ४३ फुटांची धोका पातळी इथल्या लहान पोरालाही पाठ असते. पण पंचगंगेचं पाणी ४० फूट साडेतीन इंचांवरही थांबू शकतं. अणूतल्या इलेक्ट्रॉनला असं अधल्यामधल्या जागी थांबता येत नाही.

त्यापेक्षा एखादी जुनी पायऱ्यांची विहीर डोळ्यांसमोर आणा. काठापासून तळ १३.६ मीटर खोल. पायऱ्या मात्र एकसारख्या नाहीत. तळ ही पहिली पातळी. दुसरी पातळी तळापासून थेट १०.२ मीटर वर, म्हणजे काठाखाली फक्त ३.४ मीटरवर. तिसरी काठाखाली १.५१ मीटरवर, चौथी ०.८५ वर, पाचवी ०.५४ वर. वर जावं तशा पायऱ्या एकमेकींना चिकटत जातात आणि काठाशी तर त्यांची नुसती दाटी होते. नियम एकच आहे: १३.६ ला पातळीच्या क्रमांकाच्या वर्गानं भागा. दुसरीसाठी चारनं, तिसरीसाठी नऊनं, चौथीसाठी सोळानं.

या विहिरीतल्या मीटरच्या जागी इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे ऊर्जेचं माप घातलं, की हायड्रोजनचा अणू तयार झाला. काठ म्हणजे शून्य. तिथं पोचलेला इलेक्ट्रॉन अणूतून सुटला. काठाखालचं सगळं उणे. पुस्तकात "उणे १३.६" दिसलं की मुलं दचकतात, ऊर्जा उणे कशी असेल म्हणून. त्याचा अर्थ इतकाच, की इलेक्ट्रॉन काठाखाली तेवढा खोल आहे आणि त्याला बाहेर काढायला तेवढी ऊर्जा लागेल.

विहिरीची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, ते आत्ताच सांगून टाकते. विहिरीत पडणारा दगड पायऱ्यांमधल्या प्रत्येक उंचीवरून जातो. इलेक्ट्रॉन तसा जाताना कधी सापडत नाही. त्याची ऊर्जा मोजली की ती कुठल्या तरी पायरीचीच निघते.

इलेक्ट्रॉन तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर आला, की ३.४ वजा १.५१, म्हणजे १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोकळी होते. ती उजेडाचा एक कण, म्हणजे फोटॉन, घेऊन जातो. फोटॉनची ऊर्जा आणि वारंवारता यांचं नातं प्लांकच्या स्थिरांकानं बांधलेलं आहे. एका चलनाचे पैसे दुसऱ्या चलनात करून घ्यावेत तसं ते समजा, दर कायमचा ठरलेला: एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे २४१.८ टेराहर्ट्झ. १.८९ ला २४१.८ नं गुणा, ४५७ येतात. आपली तांबडी रेषा हीच.

दर वेळी हा दर लावत बसण्यापेक्षा विहिरीची पूर्ण खोली एकदाच टेराहर्ट्झमध्ये करून ठेवावी. ती भरते ३२८८.०५ टेराहर्ट्झ. हायड्रोजनसाठी हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरतं. बाकी सगळा सातवीतल्या अपूर्णांकांचा खेळ आहे: १ भागिले खालच्या पातळीचा वर्ग, त्यातून १ भागिले वरच्या पातळीचा वर्ग वजा करा, आलेल्या उत्तराला ३२८८.०५ नं गुणा.

तिसरीवरून दुसरीवर: १/४ वजा १/९ म्हणजे ५/३६, वारंवारता ४५६.६७ टेराहर्ट्झ. चौथीवरून दुसरीवर: १/४ वजा १/१६ म्हणजे ३/१६, वारंवारता ६१६.५१, ही निळसर हिरवी रेषा. पाचवीवरून दुसरीवर: २१/१००, म्हणजे ६९०.४९, जांभळट निळी. सहावीवरून दुसरीवर: २/९, म्हणजे ७३०.६८, गडद जांभळी. डोळ्यांना सहज दिसतील अशा हायड्रोजनच्या रेषा या चारच. तळापर्यंत, म्हणजे पहिल्या पातळीपर्यंत येणाऱ्या रेषा अतिनीलमध्ये जातात आणि तिसरीपर्यंत येणाऱ्या अवरक्तमध्ये.

कागदावरची रेषा डोळ्यांनी पाहण्याची मजा वेगळीच असते. आमच्या प्रयोगशाळेतल्या डार्क रूमला जाड काळे पडदे आहेत. हायड्रोजनची नळी ट्रान्सफॉर्मरला जोडून बटण दाबलं, की काचेतली बारीक वाट गुलाबी-जांभळ्या रंगानं पेटते. स्पेक्ट्रोमीटरच्या टेबलावर इंचाला १५,००० रेघांचं ग्रेटिंग, म्हणजे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी, बसवायचं, दुर्बीण सावकाश बाजूला न्यायची. आधी जांभळी रेष येते, मग निळसर हिरवी, मधे बराच अंधार जातो आणि मग तांबडी. तांबडी रेष आली की मुलं नकळत श्वास रोखतात, हे मी इतक्या वर्षांत प्रत्येक तुकडीत पाहिलं आहे. सेटिंग नीट असेल तर ती २२ अंश ४८ मिनिटांच्या आसपास सापडते, निळसर हिरवी १६ अंश ४१ मिनिटांच्या आसपास. गगनबावड्याच्या मुलीनं व्हर्नियर, म्हणजे कोन वाचायची बारीक मोजपट्टी, तीनदा वाचला, दर वेळी एखाद्या मिनिटाचा फरक पडला, तेव्हा कुठं तिनं रीडिंग लिहिलं.

स्पेक्ट्रोमीटर आपल्याला तरंगलांबी, म्हणजे लाटेच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर, देतो, वारंवारता देत नाही. माझ्या मते मुलांचा निम्मा गोंधळ इथंच सुरू होतो. तरंगलांबीत पाहिलं की हायड्रोजनचा नियम कोड्यासारखा दिसतो. १८८५ मध्ये हे कोडं सोडवणारा माणूस प्रयोगशाळेतला नव्हताच. योहान याकोब बामर स्वित्झर्लंडमधल्या बासेल गावी मुलींच्या शाळेत शिकवायचा आणि तेव्हा साठीला पोचला होता. त्याच्यासमोर स्वीडनच्या अँगस्ट्रॉमनं मोजलेल्या चार तरंगलांब्या होत्या, अँगस्ट्रॉम या एककात (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर) ६५६२.१०, ४८६०.७४, ४३४०.१ आणि ४१०१.२. या चौघींत नातं काय असेल?

बामरला ३६४५.६ हा आकडा सापडला. त्याला ९/५ नं गुणलं की पहिली तरंगलांबी येते, ४/३ नं दुसरी, २५/२१ नं तिसरी, ९/८ नं चौथी. अपूर्णांक चार, पण कशाला कशाचा मेळ नाही. मग दुसऱ्या आणि चौथ्या अपूर्णांकाला वरखाली चारनं गुणायचं: ४/३ चे होतात १६/१२, ९/८ चे होतात ३६/३२. आता वरचे आकडे एका ओळीत वाचा. ९, १६, २५, ३६. तीन, चार, पाच आणि सहाचे वर्ग. खालचे वाचा. ५, १२, २१, ३२. प्रत्येक आकडा वरच्यापेक्षा चारनं कमी. मी स्वतः मुलांना गणित शिकवते, म्हणून असेल कदाचित, पण या पायरीवर आलं की माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. ज्या अणूची रचना तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती, त्याचा हिशेब एका शिक्षकानं फक्त अपूर्णांक जुळवून उलगडला होता.

आता हेच अपूर्णांक उलटे करा. तरंगलांबी वाढली की वारंवारता कमी होते, म्हणून वारंवारतेकडे जाताना अपूर्णांक उलटा करावाच लागतो. ५/९, ३/४, २१/२५, ८/९. प्रत्येकाला चारनं भागा. ५/३६, ३/१६, २१/१००, २/९. हे तेच चार अपूर्णांक, जे आपण मघाशी विहिरीच्या पायऱ्यांवरून काढले. तरंगलांबीत भागाकार-गुणाकाराचं जंजाळ वाटणारा नियम वारंवारतेत साधी वजाबाकी होऊन समोर येतो. स्वीडनच्याच रिडबर्गनं १८८८ च्या सुमारास तरंगलांबीऐवजी तिचा व्यस्त घेऊन हे सूत्र सगळ्या पातळ्यांसाठी व्यापक केलं. १९१३ मध्ये नील्स बोरनं दाखवलं, की ही वजाबाकी म्हणजे दोन ऊर्जांमधली वजाबाकी आहे. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, त्याचा विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक एवढ्यावरून त्यानं विहिरीची खोली काढली. त्या काळच्या मोजमापांवरून त्याला ३१०० टेराहर्ट्झच्या आसपास उत्तर आलं, आणि वर्णपटावरून मोजलेला आकडा ३२९० होता. रेषांकडे न बघता, इलेक्ट्रॉनच्या गुणधर्मांवरून हा आकडा इतका जवळ यावा ही मोठीच गोष्ट होती. बोरच्या ठरावीक कक्षा पुढं टिकल्या नाहीत. १९२६ मध्ये श्रोडिंगरच्या समीकरणानं त्यांची जागा घेतली. ऊर्जेच्या पातळ्या मात्र त्या समीकरणातूनही तंतोतंत त्याच निघाल्या.

वारंवारतेची आणखी एक गोष्ट. इलेक्ट्रॉन तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून पहिलीवर आला तर वारंवारता होतात ४५६.६७ आणि २४६६.०४. तिसरीवरून थेट पहिलीवर आला तर २९२२.७१. पहिल्या दोघींची बेरीज करून बघा. दोन टप्प्यांत उतरा नाहीतर एका दमात, उतरलेली उंची तेवढीच राहणार. तरंगलांबीत मात्र याचा काही पत्ता लागत नाही: ६५६.४७ नॅनोमीटर, १२१.५७ नॅनोमीटर आणि १०२.५७ नॅनोमीटर. या आकड्यांत बेरीज लपली आहे असं कुणाच्या मनातही येणार नाही. वाल्टर रिट्झनं हा बेरजेचा नियम १९०८ मध्ये, बोरच्याही आधी मांडला होता.

आता एक अडचण, जिच्यापाशी दरवर्षी कुणीतरी अडतंच. पुस्तकातला रिडबर्ग स्थिरांक, म्हणजे आपल्या विहिरीची खोलीच, पण तरंगलांबीच्या व्यस्तात मोजलेली, दर मीटरला १,०९,७३,७३२, कॅल्क्युलेटरमध्ये घातला की तांबड्या रेषेची तरंगलांबी ६५६.११ नॅनोमीटर येते. तक्त्यात असते ६५६.२८. आणि मी वर ६५६.४७ लिहिलं आहे. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

पुस्तकातला स्थिरांक हा केंद्रक जागचं अजिबात हलत नाही असं धरून काढलेला आहे. तालमीतला एखादा थोराड पैलवान लहान पोराला हात धरून गरागरा फिरवतो तेव्हा पोर मोठं वर्तुळ काढतं, पण पैलवानही थोडा मागं रेलतो, त्याचंही एक छोटंसं वर्तुळ होतं. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन, आणि तो इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड आहे, म्हणजे पैलवान भलताच भारी, तरी तो हलतोच. हिशेबात ते धरायचं तर स्थिरांकाला १ अधिक १/१८३६ नं भागायचं. पुस्तकातला स्थिरांक टेराहर्ट्झमध्ये ३२८९.८४ भरतो, त्याचे ३२८८.०५ होतात आणि तरंगलांबी ६५६.११ वरून ६५६.४७ वर जाते. हे पोकळीतलं उत्तर. हवेत प्रकाशाचा वेग किंचित कमी होतो, त्यामुळं लाटा जरा आखडतात आणि ६५६.४७ चे ६५६.२८ होतात. वारंवारता मात्र हवेत आणि पोकळीत तीच राहते, ४५६.६७. म्हणूनच मी मुलांना सांगते, हिशेब वारंवारतेत करा आणि तरंगलांबी शेवटी, अगदी लागलीच तर, काढा.

आमच्या स्पेक्ट्रोमीटरवर हे बारीक फरक दिसत नाहीत. व्हर्नियरचं एक मिनिट म्हणजे तांबड्या रेषेपाशी साधारण ०.४५ नॅनोमीटर. पण चांगल्या उपकरणावर केंद्रकाचं हे डुलणं रेषेत स्पष्ट वाचता येतं. हॅरॉल्ड युरे आणि त्याच्या सहकाऱ्यांना १९३१ मध्ये हायड्रोजनच्या रेषांशेजारी अंधूक जोडीदार रेषा दिसल्या. ज्या अणूचं केंद्रक दुप्पट जड, ते कमी डुलतं आणि त्याची तांबडी रेष साधारण ०.१८ नॅनोमीटर अलीकडं सरकते. जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, असा सापडला. १९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल युरेला यासाठीच मिळालं.

अणू ज्या वारंवारतेचा उजेड बाहेर टाकतो, नेमक्या त्याच वारंवारतेचा उजेड शोषूनही घेतो. पायरी तीच, फक्त इलेक्ट्रॉन आता वर चढतो. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात, आणि गाभाऱ्याकडं डोळे लावून बसलेली गर्दी एकदम शांत होते. त्या सोनेरी उजेडात ४५६.६७ टेराहर्ट्झच्या जागी एक खाच असते. तिथं उजेड अगदी शून्य नसतो, पण शेजारच्या रंगांपेक्षा खूपच मंद असतो. सूर्याच्या वातावरणातल्या हायड्रोजननं तो वाटेत काढून घेतलेला असतो. फ्राउनहोफरनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांना अक्षरं दिली, त्यातली सी रेषा हीच.

विशेष म्हणजे तांबडा उजेड शोषायला इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या पायरीवर असावा लागतो. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५८०० केल्व्हिन. तेवढ्या उष्णतेतही तिथं दुसऱ्या पायरीवर चढलेला अणू सुमारे १८ कोटींमागे एखादाच असतो. तरी हायड्रोजन इतका अफाट आहे, की तेवढ्यांनी मिळून ती खाच पाडली आहे.

आता परत त्या मुलीच्या प्रश्नाकडं, कारण तो मी सोडलेला नाही. खालच्या पायऱ्यांवर फेऱ्यांचा आकडा आणि उजेडाचा आकडा जुळत नाही हे आपण पाहिलं. पण काठाजवळ, जिथं पायऱ्या दाटीनं आहेत, तिथं काय होतं? मी तिला ११० वरून १०९ वर उतरणारा इलेक्ट्रॉन दिला. असा अणू इतका फुगलेला असतो, की त्याचा व्यास हजार नॅनोमीटरच्या पुढं जातो, एखाद्या जिवाणूएवढा. प्रयोगशाळेतल्या नळीत तो शेजाऱ्यांच्या धडकांत टिकणार नाही. ताऱ्यांमधल्या विरळ वायूत मात्र टिकतो.

तिनं १ भागिले १०९ चा वर्ग, वजा १ भागिले ११० चा वर्ग काढला. घाईत एकदा शून्य चुकलं, ते दुरुस्त केलं. उत्तर आलं ५००९ मेगाहर्ट्झ, म्हणजे उजेड नव्हे, रेडिओची लहर. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या १४० फुटी रेडिओ दुर्बिणीनं आकाशातून नेमकी हीच रेषा टिपली होती. मग मी तिला फेऱ्या मोजायला सांगितलं. ११० व्या कक्षेत सेकंदाला ४९४१ दशलक्ष फेऱ्या. १०९ व्या कक्षेत ५०७८ दशलक्ष. रेषेचा आकडा दोन्हीच्या जवळजवळ बरोबर मधोमध.

तिनं तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे मॅडम, मी विचारलेलं अगदीच चूक नव्हतं की."

नव्हतंच. बोरनंही आपला सिद्धान्त याच ठिकाणी जुन्या भौतिकशास्त्राशी ताडून पाहिला होता.